पाणी कुणाच्या बाजूला होतं?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस एकच वाद पेटलाय. जगातला सर्वांत थोर सेनापती कोण? सिकंदर, चंगीजखान, नेपोलियन, सगळे येऊन गेले. जो तो तलवारीचं आणि धाडसाचं सांगतोय. माझं म्हणणं ग्रुपवर मावणारं नाही, म्हणून इथे लिहितो.

सेनापतीने किती मारले ते मला सांगू नका. त्याच्या माणसांना पाणी कुठून मिळालं, घोड्यांना वैरण कुठून आली आणि शत्रूची वैरण त्याने कशी तोडली, ते सांगा. हे वेड मला नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याने लावलं. पेठ रोडला आमच्या गच्चीवरून तो रोज दिसतो. साल्हेरसारखा उंच नाही, घनदाट जंगलात दडलेला नाही, उघड्या माळावर बसलेला. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या शहाबुद्दीन खानाने त्याला वेढा घातला. सुरुंग झाले, मोर्चे झाले, किल्ल्यात तोफा डागता याव्यात म्हणून लाकडी दमदमा उभा राहिला. वर शिबंदी मूठभर. लोखंडी तोफ एकही नव्हती, मराठ्यांनी झाडांचे बुंधे पोखरून तोफा केल्या, असं मोगलांच्याच बाजूचा खाफीखान लिहितो. शहाबुद्दीन हात हलवत गेला, त्याच्या जागी खानजहान बहादूर आला, तोही गेला. वर टाक्यांत पाणी होतं आणि संभाजी महाराजांच्या फौजा बाहेरून वेढ्याला टोचत होत्या, म्हणून किल्ला पाचेक वर्षं झुंजला. किल्लेदाराचं नाव कुणी सूर्याजी जेधे सांगतं, कुणी रंभाजी पवार. थोर सेनापतींच्या कुठल्याच यादीत हा माणूस नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता पुढचं ऐका. या शहाबुद्दीनचा मुलगा म्हणजे पहिला निजाम, निजाम-उल-मुल्क. बापाला रामशेजने दमवलं, मुलाला पालखेडने. (आपल्याकडे पालखेड म्हटलं की दिंडोरीकडचं धरण आठवतं. लढाईचं पालखेड ते नाही, ते येवल्याच्या पलीकडे, वैजापूर तालुक्यात.) निजाम छप्पन्न वर्षांचा, मुरलेला, जबर तोफखाना बाळगणारा. बाजीराव सत्तावीस वर्षांचा. निजाम पुण्यात जाऊन बसला, शाहू महाराजांऐवजी त्यांच्या चुलतभावाला, कोल्हापूरच्या संभाजीराजांना, छत्रपती म्हणून पुढे करू लागला. दुसरा कुणी असता तर पुणे वाचवायला धावला असता. बाजीराव जालन्याकडे गेला, बुऱ्हाणपूरची हूल दिली आणि थेट गुजरातेत उतरला. स्वतःचा मुलूख लुटला जातोय म्हटल्यावर निजामाला पुणे सोडावंच लागलं. पाठलागात वेग हवा म्हणून त्याने जड तोफा मागे ठेवल्या. बाजीरावाला नेमकं हेच हवं होतं. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस, पाण्याचं दुर्भिक्ष असलेल्या माळावर, निजाम चहूबाजूंनी कोंडला गेला. दाणा नाही, पाणी नाही. मोठी रणधुमाळी झालीच नाही. ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला आणि निजामाने शाहू महाराजांचा चौथाईचा, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्श्याचा, हक्क मान्य केला. दुसऱ्या महायुद्धात अल अलामीनची लढाई जिंकणाऱ्या ब्रिटिश माँटगोमेरीसारख्या सेनानीने या मोहिमेतल्या हालचालींचं तोंड भरून कौतुक केलंय.

नेपोलियनबद्दल एवढंच म्हणतो की १८१२ मध्ये तो मॉस्कोपर्यंत पोचला, पण वाटेत त्याचे घोडे उपाशी मेले.

खरी कळ वेगळीच आहे. पालखेडनंतर तेहतीस वर्षांनी पानिपत. सदाशिवरावभाऊ बाजीरावाचा सख्खा पुतण्या. बरोबर गारद्यांच्या तोफा, न लढणारे बुणगे, यात्रेकरू, बायकापोरं. अब्दालीने दिल्लीची वाट अडवली, रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि छावणीत उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ ला आपली माणसं उपाशीपोटी लढायला बाहेर पडली. जो फास काकाने निजामाच्या गळ्यात टाकला, तोच पुतण्याच्या गळ्यात पडला. भाऊ शूर नव्हता असं कोण म्हणेल? दुपारपर्यंत लढाई आपल्या बाजूला झुकली होती. हे वाचताना आजही माझा घास घशात अडकतो.

रविवारी सकाळी साडेसहाला आशेवाडीतून रामशेज चढणार आहे. ग्रुपवरच्या भांडखोरांनी नक्की यावं. आधी टाकी दाखवतो, बुरूज मग.