हनुवटीवरच्या जखमेबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. वस्तऱ्याने घरी दाढी करण्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही नऊशे रुपयांचा वस्तरा मागवलात. सोबत चामड्याचा पट्टा आला. मी लिहिलं होतं तसा वस्तरा तीस वेळा पट्ट्यावर फिरवलात, फेस केलात, आणि तिसऱ्याच हाताला हनुवटीच्या डाव्या कोपऱ्यावर चीर पडली. रक्त थांबायला अर्धा तास लागला. तुमचं दुसरं म्हणणं असं की आज इतके चांगले रेझर मिळत असताना हा खटाटोप म्हणजे निव्वळ वेळ घालवणं आहे. तिसरं सगळ्यात कडक आहे : ज्या लोकांवर ही विद्या जातीने लादली त्यांनी ती पोटासाठी केली, आणि माझ्यासारखे लोक तिचा शौक करतात. शेवटी विचारलंत, हा वस्तरा फेकून देऊ का?

जखमेबद्दल आधी बोलतो. ती माझ्या लेखामुळे झाली. "दाढीआधी पट्टा मारून घ्या" एवढं एक वाक्य मी लिहिलं आणि पुढे गेलो. पट्टा धार लावत नाही, हे लिहायचं राहिलं. वस्तऱ्याच्या बाबतीत नवशिक्याला सगळ्यात आधी हेच कळायला हवं आणि नेमकं तेच माझ्याकडून सुटलं. याबद्दल मनापासून माफी मागतो.

धार शिळेवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर लागते. पट्ट्यावर ती फक्त सरळ होते, साफ होते. जी धार मुळात लागलेलीच नाही ती तीस वेळा काय, तीनशे वेळा पट्टा मारूनही येणार नाही. आणि नवा वस्तरा डब्यातून निघतो तेव्हा तो बहुतेक वेळा चेहऱ्याला लावण्याजोगा नसतो. स्वस्त वस्तऱ्याचं तर सोडाच, जर्मनीतल्या सोलिंगनसारख्या नावाजलेल्या ठिकाणचे वस्तरेसुद्धा अनेकदा पुन्हा शिळेवर घ्यावे लागतात. बोथट पातं केस कापत नाही, केसाला धरून ओढतं. ते अडकलं की आपला हात आपोआप दाब देतो, केस सुटतो आणि दाबासकट पातं पुढे जातं. हनुवटीवर तर पुढे वळणच असतं. तुमची चीर अशीच पडली असणार.

म्हणून परीक्षा आधी. डोक्यावरचा एक लांब, धुतलेला केस मुळाच्या बाजूने चिमटीत धरा आणि लोंबतं टोक हलकेच धारेवर टेकवा. वस्तरा तयार असेल तर केस न वाकता तुटतो. पात्याच्या मुठीकडे, मध्ये आणि टोकाकडे अशा तिन्ही जागी करून बघा, कारण धार सगळीकडे सारखी नसते. अंगठ्याने धार चाचपू नका. त्याने अंगठाही जातो आणि धारही.

शिळेवरची रीत वाचायला सोपी आणि हाताला अवघड आहे. वस्तरा शिळेवर अगदी आडवा, सपाट ठेवायचा. पाठ (धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड) आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेल्या हव्यात. कोन मोजावा लागत नाही, कारण पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून तो ठरवूनच ठेवतात. साधारण सोळा-सतरा अंश. शिळेवर धार पुढे ठेवून जायचं, पट्ट्यावर पाठ पुढे. पट्ट्याच्या टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवर उलटायचा, धारेवर कधीही नाही. धारेवर उलटला तर पट्टा कापला जातो आणि धार मुडपते. शिळा क्रमाने बारीक होत जातात. धारेचा उतार पाडायला १००० नंबरची, मग ४०००-५००० च्या आसपासची, मग ८०००, आणि हौस असेल तर १२०००. पहिल्या शिळेवर उतार नीट जुळला नसेल तर पुढच्या सगळ्या शिळा फुकट जातात. माझे पहिले दोन महिने असेच गेले. बारा हजारावर चकाकी येत होती आणि केस मात्र तुटत नव्हता. नवशिक्याने पहिल्यांदा धार जाणत्या माणसाकडूनच लावून घ्यावी. चांगली धार कशी लागते हे चेहऱ्याला एकदा समजलं की आपण काय गाठायचं आहे ते कळतं.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह होतो. केसासारख्या मऊ वस्तूने पोलाद बोथट कसं होतं, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली पात्याने केस कापून हे पाहिलं. धार नुसती झिजून गोल होत नाही. वाकलेला केस पात्याला विशिष्ट कोनात भेटला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, तर धारेचा बारीक कपचा उडतो. दाढीआधी केस कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं चांगले भिजवले की ते मऊ पडतात, आणि त्वचेइतकाच त्याचा फायदा पात्यालाही होतो.

तुमची दुसरी अडचण जागेची होती. हनुवटीपासून सुरुवात करू नका, हेही मी ठळक लिहायला हवं होतं. पहिले आठ-दहा दिवस फक्त गाल. कानापासून जबड्याच्या हाडापर्यंत, केसांच्या दिशेने, म्हणजे सुलटी. बाकीचा चेहरा नेहमीच्या रेझरने उरका. वस्तऱ्याची पाठ त्वचेपासून एखाद-दोन पाठीच्या जाडीइतकीच वर हवी. कोन वाढला की पातं खरवडतं, फारच वाढला की रुततं. दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली हवी. साबणाने बोटं घसरतात, म्हणून ताणणाऱ्या बोटांना तुरटीचा ओला खडा चोळून घ्या, पकड येते. आणि काही झालं तरी वस्तरा करवतीसारखा लांबीच्या दिशेने सरकू देऊ नका. हनुवटी महिन्याभराने. उलटी दाढी त्याहून पुढे, आणि नाही केली तरी चालते.

वेळेबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पाच मिनिटांत दाढी उरकून कामाला जायचं असेल त्याने वस्तरा घेऊ नये. जिलेटचा बदलत्या ब्लेडचा रेझर १९०३ साली अमेरिकेत विकायला आला आणि घराघरातलं धार लावायचं काम सुटलं, ही लोकांची खरीच सोय झाली. मला ते काम आवडतं, म्हणून मी ते परत घेतलं आहे. ज्यांनी घेऊच नये अशांची यादी मात्र लेखात हवी होती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले, हात थरथरणारे, चेहऱ्यावर मुरमं किंवा पुरळ असलेले. आणि एक वस्तरा एकाच माणसाचा, बाप-लेकातसुद्धा नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरू शकतो. सलूनमध्ये हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावतात ते याचसाठी, आणि तेच बरोबर आहे.

आता तिसरं.

आमचे आजोबा माण तालुक्यातल्या एका गावात नाभिक होते. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. सुगीला घरोघरी बलुतं मागायला जात. ज्वारी, बाजरी, क्वचित कुणी मूठभर गूळ. वर्षभराच्या दाढ्या आणि डोकी त्या धान्यात आली. कुणाच्या घरी ओसरीवर बसायचं आणि कुणाच्या घरी अंगणातच, हे ठरलेलं होतं. वडील एसटीत लागले आणि आजोबांची धोकटी, म्हणजे हजामतीच्या सामानाची पिशवी, माळ्यावर गेली. वडिलांनी ती मला कधी उघडू दिली नाही. त्यांना त्या धोकटीतून अंगणात बसलेले आजोबा दिसत असणार. तुम्ही जे लिहिलंत ते, वेगळ्या शब्दांत, मी आमच्या घरातच ऐकत मोठा झालो.

म्हणून मला तुमचा राग आला नाही. विद्या लादलेली होती, हे अगदी खरं आहे. पण तिच्यात काय काय होतं तेही सांगितलं पाहिजे. वडील गेल्यावर मी धोकटी उघडली. दोन वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी, चिमटा, पितळी वाटी, पारा उडालेला आरसा आणि मधोमध खोलगट झिजलेली शिळा. ती इतकी झिजायला किती वर्षं लागली असतील, याचा मी त्या दिवशी बराच वेळ विचार करत बसलो. आईचे भाऊ, म्हणजे माझे मामा, अजून साताऱ्यात सलून चालवतात. वस्तरा मला त्यांनी शिकवला. त्यांचं स्वतःचं शिक्षण फेस लावलेल्या मडक्यापासून सुरू झालं, मग स्वतःच्या नडगीवरचे केस, आणि गिऱ्हाइकाच्या गालाला हात लागला तो दीड वर्षाने. पट्टा नसला तर तळहातावर वस्तरा पाजळायची आजोबांची पद्धत मामांनी मला दाखवली. करू मात्र दिली नाही.

ज्या हातांवर हे काम लादलं त्याच हातांनी ते एकदा नाकारलंही आहे. नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचं, आणि ते करायला नाभिकाला बोलवायचं, अशी रीत त्या काळी होती. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. हातावर पोट असलेल्या माणसांनी मिळकत सोडून घेतलेला हा निर्णय आहे. आमच्या घरात तो कुणी सांगितला नाही, मला वाचून कळला. तेव्हापासून आजोबांचा वस्तरा हातात घेताना मला फक्त अंगण आठवत नाही.

तुम्ही याला शौक म्हणा, माझी हरकत नाही. पण रविवारी सकाळी त्यांच्या शिळेवर धार लावताना मी आजोबांचं काम निदान त्यांच्याइतक्या काळजीने करायचा प्रयत्न करतो, आणि तुमच्या बाबतीत ती काळजी मी घेतली नाही, हे मला खरोखर लागलं आहे.

राहिला तुमचा प्रश्न. फेकू नका, अजून तरी. नऊशे रुपयांत मिळणाऱ्या काही वस्तऱ्यांचं पोलाद इतकं मऊ असतं की ते धार धरतच नाही, नुसता आकार वस्तऱ्याचा. पण वरून बघून ते सांगता येत नाही, शिळेवर घ्यावं लागतं. वस्तरा कोरडा पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात देऊन माझ्याकडे पाठवा. पावसाळ्याचे दिवस आहेत, तेलाशिवाय ठेवलात तर आठवड्यात गंज धरेल. येण्याजाण्याचा खर्च माझा. पोलाद धार धरणारं असेल तर केस तुटेपर्यंत धार लावून परत पाठवतो, नसेल तर तसं स्पष्ट कळवतो. मूळ लेखात पट्टा आणि शिळेबद्दलचा मजकूर आज सकाळीच सगळ्यात वर घातला आहे.

जखम पूर्ण भरेपर्यंत त्या जागी काहीच लावू नका, नेहमीचा रेझरसुद्धा. कडेने लाली किंवा सूज दिसली तर डॉक्टरांना दाखवा आणि मलाही कळवा.