वीस बारची मशीन, मिक्सरची कॉफी आणि ते पाचवं "गुपित"

"घरीच कॅफेसारखी एस्प्रेसो : दुकानदार कधीच सांगणार नाहीत अशी ८ गुपितं" हा मेसेज सध्या नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवरही आला. नुकतीच मशीन घेतलेल्या मामेबहिणीनं खाली विचारलं, "ताई, पाचव्या नंबरचं करून बघू का?" म्हणून हे उत्तर. करू नकोस, आणि इतर कोणीही करू नका.

मेसेज पाहिला नसेल तर त्यातले आठ मुद्दे थोडक्यात असे. एक, जितके बार (दाब मोजायचं एकक) जास्त तितकी मशीन भारी, २० बारच्या खाली बघूच नका. दोन, ग्राइंडर हा फालतू खर्च, घरचा मिक्सर किंवा किराण्यातली फिल्टर कॉफी चालते. तीन, पाणी उकळतं हवं. चार, जाड फेस म्हणजे अस्सल कॉफी, आणि कप भरेपर्यंत बटण बंद करू नका. पाच, कॉफी अडकली तर मशीन चालू ठेवूनच कॉफीची जाळी धरणारं हँडल थोडं सैल करा, दाब निघून जातो. सहा, फक्त आरओचं पाणी घाला, मग मशीन कधीच साफ करावी लागत नाही. सात, बिया भाजल्या त्याच दिवशी वापरा, उरल्या तर फ्रिजमध्ये ठेवा. आठ, दूध आधी उकळून गरमच घ्या, फेस दुप्पट येतो.

पाचव्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या सातांनी कॉफी बिघडते, याने हात भाजतो.

पंप चालू असतो तेव्हा ग्रूप हेड (मशीनचं, हँडल अडकवायचं तोंड) आणि जाळीतली कॉफी यांच्या मधल्या बोटभरही नसलेल्या जागेत नव्वद अंशांच्या घरातलं पाणी ९ बारच्या आसपास दाबलेलं असतं. घरच्या कुकरची शिटी साधारण १ बारला उचलली जाते, तरी वाफ जिरल्याशिवाय कोणी झाकणाला हात लावत नाही. इथे त्याच्या नऊपट दाब असताना झाकण उघडायला सांगितलंय. हँडलला दोन कान असतात. ते ग्रूप हेडच्या खाचेत अडकतात आणि वरचं रबरी गॅस्केट दाबून धरतात. हँडल जरा फिरवलं की आधी गॅस्केटची पकड सुटते, कान मात्र अजून अर्धवट अडकलेलेच असतात. मग कढत चोथ्याचा फवारा आडवा उडतो : मनगटावर, पोटावर, वाकून बघत असाल तर तोंडावर. ओटा बहुतेक घरांत कमरेच्या उंचीचा असतो, लहान मुलाचा चेहरा नेमका त्याच पातळीला येतो.

कॉफी अडकली तर करायचं ते असं. १५ सेकंदांत एकही थेंब आला नाही की पंप बंद करा आणि हँडलला हात लावू नका. तुमच्या मशीनमध्ये थ्री-वे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे पंप थांबताच दाब आपोआप सोडणारी झडप, असेल तर बंद करताच "फुस्स" आवाज येतो आणि खालच्या ट्रेमध्ये मळकट पाणी पडतं. दाब तिकडून गेला. तरीही दहा सेकंद थांबा. बऱ्याच स्वस्त मशिनींत हा व्हॉल्व्ह नसतो, त्यामुळे पंप बंद झाल्यावरही दाब आतच राहतो. एकाच बॉयलरच्या किंवा थर्मोब्लॉकच्या (टाकीऐवजी तापलेल्या ठोकळ्यातून जाता जाता पाणी गरम होतं त्या) बऱ्याच मशिनींत वाफेच्या नळीखाली भांडं धरून गरम पाण्याची खुंटी उघडली की दाब त्या वाटेनं उतरतो. मग दोनतीन मिनिटं जाऊ द्या. त्यानंतर हँडलवर जाड कोरडं फडकं टाका, तोंड बाजूला ठेवा आणि हँडल हळूच किंचित सरकवा. फिसफिस ऐकू आली तर पुन्हा घट्ट करून आणखी थांबा. पंप नसलेली, वर झाकण पिळून लावायची वाफेची छोटी मशीन असेल तर वाफेची खुंटी उघडून सगळी वाफ जाऊ द्या, मशीन गार होऊ द्या, मगच झाकणाला हात लावा.

कॉफी अडकते तरी कशानं? तीनच कारणं वारंवार दिसतात : दळण फार बारीक, जाळीत माल जास्त, किंवा पुडीत चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड). दुसरं कारण ओळखायला सोपं आहे. चोथ्याची वडी बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी सोडणाऱ्या वरच्या चाळणीच्या स्क्रूचा ठसा उमटलेला दिसला, तर पुढच्या वेळी एक ग्रॅम कमी भरा.

तिसऱ्या कारणावरून दुसऱ्या गुपिताकडे येते, कारण लोकांचे पैसे तिथेच चुकीच्या जागी जातात. मिक्सरचं पातं बी दळत नाही, फोडतं. एकाच भांड्यात रव्याएवढे तुकडे आणि मैद्यासारखी धूळ एकत्र तयार होते. ९ बारचं पाणी आळशी असतं, सर्वांत कमी अडथळ्याची वाट शोधतं. जाड तुकड्यांच्या फटीतून ते धावत सुटतं आणि धूळ जाळीची भोकं बुजवते. म्हणून तीच कॉफी एकाच घोटात आंबटही लागते आणि कडूही. "मिक्सर थोडा जास्त वेळ फिरवा" हा उपायही नाही, त्याने धूळ तेवढी वाढते. एस्प्रेसोला बर ग्राइंडरच लागतो, ज्यात दोन दात्यांमधलं अंतर बारीक टप्प्यांनी बदलता येतं. हातानं फिरवायचा चालेल, फक्त एस्प्रेसोइतकं बारीक दळतो आणि टप्पे जवळजवळ आहेत, याची खात्री करून घ्या. खिशात २५,००० असतील तर सगळे मशीनवर घालू नका. १५,००० ची मशीन आणि १०,००० चा ग्राइंडर ही जोडी २५,००० च्या एकट्या मशीनपेक्षा चांगली कॉफी देते.

किराण्यातली फिल्टर कॉफी तर नकोच. पाकीट उलटं करून वाचा. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी एवढाच नियम आहे, बाकी चिकोरी असू शकते. स्टीलच्या फिल्टरमध्ये ती गोडसर, दाट रंग देते आणि तिथे ती शोभते. एस्प्रेसोच्या जाळीत मात्र ती फुगून चिकट होते आणि वाट बंद करते, म्हणजे फिरून पाचव्या नंबरवर. चिकोरी नसलेली, विकत आणलेली बारीक पूड दुहेरी तळाच्या, म्हणजे खाली एकच बारीक छिद्र असलेल्या जाळीत चालते, हे मान्य. पण त्या जाळीत फेस छिद्रामुळे येतो, कॉफीमुळे नाही. म्हणून जाड फेस म्हणजे अस्सल कॉफी, हे चौथं गुपितही तिथेच संपतं. शिळ्या पुडीलाही ती जाळी टोपीसारखा फेस आणते.

आता बार. इटलीत १९९८ साली इस्तितुतो नाझिओनाले एस्प्रेसो इतालियानो या नावानं स्थापन झालेली एक संस्था आहे. तिच्या प्रमाणित एस्प्रेसोचे आकडे असे : कॉफी ७ ग्रॅम, मशीनमधून निघणारं पाणी ८८ अंश (२ इकडेतिकडे), दाब ९ बार (१ इकडेतिकडे), वेळ २५ सेकंद (५ इकडेतिकडे), कपात फेसासकट २५ मिली. ज्या देशात हा प्रकार जन्मला तिथे ९ पुरतात, तर आपल्याला २० काहून लागतात? डब्यावरचे १५ किंवा २० बार ही पंपाची पुढची वाट पूर्ण बंद असतानाची कमाल ताकद आहे. कॉफीतून पाणी वाहू लागलं की दाब उतरतो, आणि बऱ्या मशीनमध्ये जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो. खरोखर १५ बार कॉफीवर पडले तर वडी इतकी आवळली जाते की पाणी तिला चिरून एका बाजूनं निसटतं. या मुद्द्यात खरं असेल तर एवढंच : पंप नसलेल्या, नुसत्या वाफेवर चालणाऱ्या मशिनींचा दाब फार कमी असतो. त्या कडक कॉफी देतात, एस्प्रेसो नाही. तेव्हा डब्यावर आकडा मोठा आहे का हे बघण्यापेक्षा "पंप आहे का" हे विचारा. त्यापाठोपाठ विचारायचं : एकेरी तळाची जाळी सोबत येते का, आणि गॅस्केट व जाळी सुट्या मिळतात का. गॅस्केट दोनेक वर्षांत कडक होऊन गळू लागतं. ते मिळत नसेल तर मशीन अडगळीत जाते.

तिसरं गुपित याच आकड्यांत निकालात निघालं : ८८ म्हणजे उकळतं नव्हे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. तसं पाणी कॉफीवर घातलं तर कडवटपणाच हाती लागतो. चौथ्या गुपिताचा उरलेला भागही याच आकड्यांत बसतो. २५ मिलीची गोष्ट दीडशे मिलीपर्यंत ओढली तर सुरुवातीनंतर येतं ते पिवळं, तुरट पाणी. मोठा कप हवा असेल तर आधी गरम पाणी घ्या आणि त्यावर एस्प्रेसो सोडा.

शिकायला मात्र ७ ग्रॅमच्या सिंगलपासून सुरुवात करू नका, छोटी जाळी फार लहरी असते. डबल जाळी घ्या. ५८ मिमीच्या हँडलमध्ये साधारण १८ ग्रॅम बसते, ५१ मिमीच्या छोट्या मशिनींत बहुधा १४ ते १६. इतवारीत सराफांकडे दिसतो तसला, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. मोजल्याशिवाय यात काही कळत नाही. १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम कपात, २५ ते ३० सेकंद. माल आणि कपातलं वजन पक्कं ठेवा, बदला फक्त दळण. १५ सेकंदांत ३६ ग्रॅम येऊन आंबट लागली तर बारीक करा, ४५ सेकंद लागून कडू झाली तर एक टप्पा जाड. दाबण्याआधी सुईनं गुठळ्या मोडा आणि टँपर (पूड दाबायचा ठोकळा) सपाट बसवा. जोर किती लावला यापेक्षा वडी तिरकी झाली नाही ना, हे महत्त्वाचं. तिरकी झाली की पाणी उतरत्या बाजूनं पळतं.

सहाव्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. नागपुरातलं पेंच-कन्हान नद्यांचं नळाचं पाणी वेगळं आणि बोअरचं वेगळं. बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच मशीनच्या बारीक नळ्यांत चढतो. ते पाणी घालू नकाच. पण निव्वळ आरओ हेही उत्तर नाही. क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्यात कॉफी पोकळ लागते, असं पाणी तांब्या-पितळेला खातं, आणि ज्या मोठ्या मशिनींत पातळी सांगणारी विजेची कांडी असते तिला टाकी भरलेली कळतच नाही. कॉफीच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) १५० च्या आसपास धरतात, ७५ ते २५० चालतं. समजा तुमच्या आरओचं ४० आणि नळाचं २५० भरलं, तर निम्मंनिम्मं मिसळून १४५ होतं. टीडीएसचं मीटर क्षारांची बेरीज सांगतं, थर धरणारे किती ते सांगत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात पाण्याचा कठीणपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं.

आणि "कधीच साफ करावी लागत नाही"? पाण्याचा थर वेगळा, कॉफीचं तेल वेगळं. तेलाचा आरओशी काय संबंध? रोज कॉफी काढल्यावर हँडल न लावता दोनतीन सेकंद पाणी सोडा, आठवड्याला वरची चाळणी स्क्रू काढून घासा. आंधळी, म्हणजे तळाला भोकं नसलेली जाळी लावून उलट धुणं फक्त थ्री-वे व्हॉल्व्हच्या मशीनलाच. थरासाठी दोनतीन महिन्यांनी लिटरला २० ग्रॅम लिंबू सत : अर्धं पाणी सोडा, १५ मिनिटं थांबा, उरलेलं सोडा, मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या. मशीनच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

मेसेजमध्ये नसलेली, पण मे महिन्यात नागपुरात सांगायलाच हवी अशी एक गोष्ट : यातल्या बऱ्याच मशिनी १,३५० ते १,५०० वॅटच्या असतात. कूलरच्या एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका, अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा सॉकेट वापरा.

सातवं थोडक्यात. नुकत्या भाजलेल्या बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी नुसता फसफसाट होतो. सात ते दहा दिवस थांबा आणि पुढच्या महिनाभरात संपवा. फ्रिजमध्ये उघडं पाकीट ओल आणि कांद्या-लसणाचा वास दोन्ही घेतं. हवाबंद छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. पुडी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, एवढी अट.

आणि दूध. वाफेनं फेस करायचा वेळ दूध गार असल्यामुळेच मिळतो. उकळलेलं गरम दूध घेतलं तर हवा आत जाण्याआधीच ते ६५ अंशांपलीकडे जातं आणि मोठे, फुटके बुडबुडे येतात. उकळायचंच असेल तर उकळून फ्रिजमध्ये गार करा आणि साय काढून टाका, नाहीतर ती नळीच्या भोकात बसते. म्हशीचं दूध चालतं, फेस जरा जड येतो. स्टीलचा जग चोचीच्या खालपर्यंत भरा आणि नळीतलं साठलेलं पाणी आधी सोडून द्या. टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवून तीन ते पाच सेकंद हवा घ्या, कागद फाटल्यासारखा आवाज यायला हवा. मग टोक थोडं आत, बाजूला, म्हणजे दूध भोवऱ्यासारखं फिरतं. तळहाताला जग सहन होईना झाला की बंद करा. नळी लगेच ओल्या फडक्यानं पुसा आणि दोन सेकंद वाफ सोडा. दूध आत वाळलं तर भोक बुजतं आणि उद्या फेस का येत नाही ते कळत नाही. तेव्हा मशीन गार असताना टाचणीनं भोक मोकळं करा.