आवळू नका हो!

परभणीत मे महिन्यात पारा 42 च्या पुढं गेला की माणूस डोक्याला रुमाल गुंडाळून लिंबाखाली बसतो. जुनी यामाहा आरएक्स हंड्रेड मोटारसायकल मात्र दिवसभर उन्हात. वर आपणच विचारायचं, "साईड कव्हरला चीर पडलीच कशी?"

ऊन प्लॅस्टिक फक्त ठिसूळ करतं. चीर पाडतो आपण, तीही मायेनं. मराठवाड्यात ढिला स्क्रू दिसला की हात शिवशिवतो. कव्हर धरणाऱ्या बोल्टाखाली कंपनीनं लोखंडी बुश, म्हणजे छोटी नळी, दिलेला असतो, कव्हरच्या जाडीपेक्षा केसभर लांब. बोल्टाचा दाब बुशवर बसतो, प्लॅस्टिक रबर वायसरात मोकळं हलतं. बुश हरवला की दाब सरळ प्लॅस्टिकवर. मग इंजिनाची थरथर आणि आपली ताकद मिळून भोकापासून चीर काढतात. म्हणून बुश आधी शोधा. बोल्ट टेकला की वर पाव फेरा, बस्स. सुटू नये म्हणून थ्रेडलॉक, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद, तर मुळीच लावू नका, कव्हरचं एबीएस जातीचं प्लॅस्टिक त्यानं तडकतं. आत नायलॉनची कडी असलेला नट घाला.

आता खुंटी. कव्हरच्या आतली खुंटी चेसिसच्या रबरात बसते. ते रबर उन्हानं वाळून कडक झालेलं असतं. आपण कव्हरचा लांबचा कोपरा धरून हिसका देतो. कव्हर हातात येतं, खुंटी रबरातच मुक्काम करते. बोटं खुंटीजवळ मागून घालावीत आणि सरळ बाहेर ओढावं. डिसेंबरात सकाळी तर गाडीला आधी थोडं ऊन दाखवावं, गार प्लॅस्टिक लवत नाही. कडक झालेली रबरं बदलाच. नवी बसवताना आत साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस. इंजिन ऑईल नको, रबर फुगतं.

पेट्रोलच्या फडक्यानं पुसणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. डाग जातो, पण ताणाच्या जागी बारीक चिरा उठतात. शाम्पूचं पाणी पुरे.

चीर पडलीच असेल तर तिच्या टोकाला 3 मिमीचं भोक पाडा, ती तिथंच थांबते. फेविक्विक नको, ते कडक होतं आणि थरथरीत पुन्हा सुटतं. मोडक्या एबीएस कव्हरचे तुकडे ॲसिटोन या पटकन पेटणाऱ्या द्रावकात काकवीइतके घट्ट विरघळवा. आतल्या बाजूनं चिरेवर व्ही आकाराची खाच करा, लेप भरा, वर बारीक जाळी दाबून पुन्हा लेप. रात्रभर हात लावू नका. बाहेरून लावाल तर रंग जाईल. काम उघड्यावर करा, आणि बिडीवाल्या शेजाऱ्याला चहाला दुसरीकडं पाठवा. आतून 'पीपी', म्हणजे पॉलिप्रॉपिलीन हे दुसरंच प्लॅस्टिक, लिहिलेलं असेल तर मात्र हा लेप धरणारच नाही.

गाडी गॅरेजला टाकताना कव्हरं घरीच काढून ठेवावीत. मिस्त्री विचारतो, "मालक, कव्हर कुठंय?"

"माहेरी गेलंय," म्हणायचं.