तपासणी होईपर्यंत चर बुजवू नका

घराची ड्रेनेज लाइन रस्त्यातल्या मुख्य लाइनला जोडायची म्हटलं की बहुतेक जण एकच विचारतात, परवानगी कधी मिळेल? ती हातात पडली की काम झालंच असं धरून चालतात. माझ्या मते परवानगीचा कागद हा या कामातला सोपा भाग आहे. घराचं पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं सुख ठरतं ते उघड्या चरातल्या तपासणीवर. आणि नेमकी तीच लोक कशीबशी उरकतात, नाहीतर "आमचा प्लंबर जुना आहे" म्हणून सोडून देतात. बांधकामावर देखरेख करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हे सारखं डोळ्यासमोर घडतं आणि दर वेळी जीव तुटतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात अर्जाच्या आधीपासून. परवानगी देणाऱ्या कार्यालयात गेल्यावर पहिल्यांदा हे विचारा: आमच्या घरासमोर मुख्य लाइनचा तळ किती खोल आहे? सगळं काम या एका आकड्यावर उभं आहे. मैलापाणी ढाळावर वाहतं. चार इंची पाइपला साधारण पन्नासास एक ढाळ धरला, तर दहा मीटर अंतरात पाइप वीस सेंटिमीटर खाली जायला हवा. तेवढी खोली मिळत नसेल तर घरातली पातळी बदला, नाहीतर पंप बसवा. हे खोदकामाच्या आधी कळलं तर कागदावरचा बदल असतो, नंतर कळलं तर अंगण पुन्हा उकरायचं काम.

त्याच वेळी आणखी एक बघून घ्या. घरातलं सगळ्यात खालचं संडास किंवा मोरी ही मुख्य लाइनवर चढाच्या बाजूला असलेल्या जवळच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली आहे का? असेल, तर मुख्य लाइन तुंबल्यावर पाणी झाकणातून बाहेर पडण्याआधी तुमच्या घरात शिरणार. अशा घराला उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह लागतोच, आणि तोही हात पोचेल अशा चेंबरमध्ये. मातीत गाडलेला व्हॉल्व्ह साफ कोण करणार आणि कसा?

बाकी कागदपत्रं जागोजागी थोडी वेगळी असतात: नकाशा, परवानाधारक प्लंबरची सही, रस्ता खोदायची स्वतंत्र परवानगी, आणि जमिनीखालून वीज, गॅस, पाणी, केबल कुठून गेलीय याची खात्री. शेवटची गोष्ट कुणी मागितली नाही तरी करा. गच्चीचं आणि अंगणाचं पावसाचं पाणी मैल्याच्या लाइनला जोडायचं नकाशात असेल, तर ते आधी काढून टाका. जिथे दोन्ही वाहिन्या वेगळ्या आहेत तिथे पहिल्या मोठ्या पावसात सगळ्या गल्लीचं मैलापाणी वर येतं, ते अशाच जोडण्यांमुळे.

आता चराकडे येते. चर दीड मीटरच्या आसपास किंवा त्याहून खोल असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय कुणालाही आत उतरू देऊ नका. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या घरात जातं. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं बाहेर असूनही श्वास घेऊ शकत नाही. "पाच मिनिटांचं तर काम आहे" हे वाक्य ऐकलं की मी काम थांबवते.

पाइपखाली बारीक वाळू किंवा बारीक खडीचा सलग थर हवा. एखादा दगड खाली राहिला तर सगळा भार त्या एका ठिकाणी येतो आणि पाइप तिथेच चिरतो. सॉकेटचं, म्हणजे पाइपच्या रुंद टोकाचं, तोंड चढाच्या बाजूला हवं. ढाळ एकसारखा हवा, मधे कुठेही पोट पडलेलं नको, कारण त्या पोटात गाळ बसतो आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी काठी घालत बसावं लागतं. पाणसळ एका जागी ठेवून "बरोबर आहे" म्हणणाऱ्यावर विसंबू नका, प्रत्येक पाइपवर ठेवायला लावा.

आणि मग पाण्याची चाचणी. हीच सगळ्यात जास्त टाळली जाते. खालच्या टोकाला हवा भरून फुगवायचा बूच बसवायचा, वरून पाणी भरायचं, उभ्या पाइपात पातळीची खूण करायची आणि थांबायचं. किती उंची आणि किती वेळ, ते तिथल्या नियमावलीत दिलेलं असतं. एका घरी मी अशीच खूण करून उभी होते. सगळे जॉइंट वरून कोरडे, चकचकीत. तरी पातळी अगदी सावकाश खाली यायला लागली. प्लंबर म्हणाला, पाइपातली हवा निघतेय. शंका रास्त होती, म्हणून पुन्हा काठोकाठ भरलं. पुन्हा उतरली. शेवटी तपासणीला आलेले अधिकारी वाकले आणि त्यांनी प्रत्येक जॉइंटच्या खालच्या बाजूने हात फिरवला. चौथ्या जॉइंटखालची वाळू ओली लागली. पाइप कापून बघितला, तर जॉइंट चिकटवायचं सोल्युशन फक्त वरच्या अर्ध्या भागाला लागलेलं होतं. चर बुजवल्यावर ती गळती कुणालाही, कधीही दिसली नसती.

अशी न दिसणारी गळती काय करू शकते ते 1854 साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर दिसलं. तिथल्या पंपाचं पाणी पिऊन कॉलऱ्याने सहाशेहून अधिक माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी संशय पंपावर नेला, पण पंपाखालची विहीर आतून बघितली तेव्हा दोष सापडला नाही. 1855 मध्ये शेजारच्या 40 नंबरच्या घराची जमीन खणली, तेव्हा कळलं की तिथल्या मैल्याच्या खड्ड्याचं विटकाम कुजलेलं आहे आणि विहीर तिथून तीन फुटांच्या आत आहे. म्हणून ड्रेनेजचा पाइप आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप एकाच चरात शेजारी-शेजारी टाकायचा आग्रह कुणी धरला, तर ठाम नकार द्या. पाण्याचा पाइप वरच्या पातळीवर आणि लांबच हवा.

मुख्य लाइनला जोड देतानाही स्वतः हजर राहा. छिन्नी-हातोड्याने भोक पाडून आपला पाइप आत ढकलून द्यायची वाईट सवय फार ठिकाणी आहे. आत घुसलेल्या टोकाला चिंध्या, केस, चरबी अडकत जाते आणि सगळ्या गल्लीची लाइन तुंबते. यंत्राने गोल भोक पाडून सॅडल, म्हणजे पाइपवर बाहेरून बसणारा जोडाचा तुकडा, बसवायला सांगा, किंवा चेंबरमध्ये जोड द्या.

जुना सेप्टिक टँक असेल तर तोही रीतसर बंद करायचा: उपसायचा, पाणी साचून राहू नये म्हणून तळाला भोकं पाडायची आणि वाळूने भरायचा. हे सगळं बाहेरून, यंत्राने. टाकीत माणूस उतरवायचा नाही, कोणी तयार असला तरीही नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाला वास यायचाच बंद होतो, त्यामुळे "वास येत नाही" याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

कार्यालयांनाही सांगायचं आहे. लोक तपासणीआधी चर बुजवतात, कारण "उद्या येतो" म्हणून अधिकारी येत नाहीत, आभाळ भरून येतं, उघड्या चरामुळे शेजाऱ्यांची वाट अडते. सकाळ की दुपार एवढी वेळ आधी सांगणं आणि ती पाळणं कुठल्याही कार्यालयाला अशक्य नाही. नापास केलं तर कारण लेखी द्या, म्हणजे पुढच्या वेळी दुसरा अधिकारी येऊन वेगळंच काही काढणार नाही. हल्ली फोटो पाठवून तपासणी उरकायची टूम निघाली आहे, तिला माझा साफ विरोध आहे. फोटो नोंदीसाठी जरूर काढा, पाइपचं अंतर घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून मोजून नकाशावर लिहून ठेवा. पण फोटोत ढाळ मोजता येत नाही, आणि जॉइंटखालची ओली वाळूही दिसत नाही. त्यासाठी माणूसच चराशी यायला हवा.