मालिश घोड्याची, वाद माथेरानचा

इथे इंग्लंडात, न्यूमार्केटमध्ये घोड्यांना मसाज करणारी माणसं असतात आणि एका वेळचे चाळीस-पन्नास पौंड घेतात, एवढंच मी घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं. अर्ध्या तासात विषय माथेरानला जाऊन पोचला. 'आपल्याकडे माणसाला फिजिओ परवडत नाही,' हा काकांचा शेरा. चुलतबहीण म्हणाली, माथेरानच्या घोड्यांचे हाल बघवत नाहीत, ई-रिक्षा आल्यात तर घोडे बंदच करा. त्यावर नेरळचा मावसभाऊ उखडला: मग घोडेवाल्यांनी खायचं काय? आपल्याकडे हा वाद नेहमी एवढ्यावरच येऊन थांबतो. घोडा ठेवायचा की काढायचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांचंही तेच झालं. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या, पुढे विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या. पण घोडा ठेवायचा असेल तर त्याच्या पाठीची अवस्था काय, हे विचारताना कोणी दिसत नाही. मला ते विचारायचंय.

न्यूमार्केट हे शर्यतीच्या घोड्यांचं गाव. जवळजवळ तीन हजार घोडे इथे तयार होतात. सकाळी ते रांगेने सरावाच्या टेकडीकडे, वॉरन हिलकडे निघाले की गाड्या मुकाट्याने थांबतात, हॉर्न कोणी वाजवत नाही. घोडे फिरवणाऱ्यांत भारतातून आलेले बरेच जण आहेत. त्यातला एक पुण्याच्या रेसकोर्सवर लहानाचा मोठा झालेला. त्याने एकदा एका घोडीवर मला दाखवलं: तळवा सपाट, बोटं सैल, मानेपासून सुरुवात करायची आणि खोगिराच्या जागेवरून पुठ्ठ्यापर्यंत जायचं. एका ठिकाणी घोडीची कातडी थरथरली, पाठ खाली दबली, कान मागे गेले. तिथेच त्याने हात थांबवला आणि दाब हळूहळू वाढवत नेला. थोड्या वेळाने घोडीचा खालचा ओठ लोंबायला लागला, डोळे अर्धवट मिटले आणि तिने लांबलचक जांभई दिली. "वडील खरारा करताना, म्हणजे घोड्याचं अंग घासताना, हेच करायचे," तो म्हणाला, "फक्त बिल फाडत नव्हते."

यात जादू काही नाही. घोड्याला कॉलरबोन नसतं. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नसतात, स्नायूंच्या झोळीत छाती टांगलेली असते. उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर पडतं, त्यात पाठीवर माणूस बसला की त्या झोळीला आणि पाठीच्या लांब स्नायूंना आराम असा नाहीच. फ्रान्समध्ये कामार्ग जातीच्या घोड्यांवर झालेला, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. घोडे एकमेकांना मानेच्या मुळाशी खाजवतात. नेमकं तिथेच माणसाने खाजवलं तर हृदयाचे ठोके कमी होतात, दुसरीकडे खाजवलं तर होत नाहीत, असं त्यात दिसलं. मांडीच्या मागच्या स्नायूंना मालिश केल्यावर मागचा पाय जास्त पुढे पडतो, हेही २०१० च्या एका अभ्यासात आढळलं. पण अशा अभ्यासांतले घोडे मोजकेच असतात. आणि गुडघ्याखाली घोड्याला स्नायू जवळजवळ नसतातच, त्यामुळे फाटलेला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) मालिशने जुळेल असं सांगणारा माणूस थापा मारतोय. अंगात ताप असेल, ताजी जखम असेल तर मालिश करूच नये.

इथलंही सगळं आलबेल नाही. आजारी जनावरावर फिजिओथेरपी करायची तर पशुवैद्याच्या सूचनेने, असा ब्रिटनचा कायदा आहे. धडधाकट घोड्याला मालिश कोणीही करावी. 'अॅनिमल फिजिओथेरपिस्ट' ही पाटी लावायला कायद्याची आडकाठी नाही, तेव्हा चार दिवसांच्या कोर्सवर कार्ड छापणारेही भेटतात. मला त्याहून खटकते ती वेगळी गोष्ट. खोगीर बसत नाही म्हणून पाठ दुखते, पाठ दुखते म्हणून दर महिन्याला मसाज, आणि खोगीर तेच! पैसेवाल्यांच्या तबेल्यांतही हे चालतं.

म्हणून मला मालिशचा खरा उपयोग दिसतो तो तपासणीत. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी जाणता माणूस घोड्याच्या अंगावरून सावकाश हात फिरवतो आणि लंगडेपणा दिसायच्या आधी दुखरी जागा सापडते. त्यापुढचा इलाज बहुतेक वेळा खोगीर, नाल, दात किंवा पाठीवरचं ओझं यांत असतो.

ओझ्याचं तर इथे मोजमापच झालंय. न्यूमार्केटजवळच्या अॅनिमल हेल्थ ट्रस्टने (२०२० मध्ये ही संस्था बंद पडली) सहा घोडे आणि वेगवेगळ्या वजनांचे चार स्वार घेऊन चाचण्या केल्या. दोन जड स्वारांच्या सगळ्या चाचण्या अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या, बहुतेक वेळा घोडे लंगडायला लागले म्हणून. लंगडणं तात्पुरतं होतं. सगळ्यात जड स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या २३ ते २७ टक्के होतं. आता साडेतीनशे किलोचा घोडा धरा, त्यावर पंच्याऐंशी किलोचा पर्यटक. खोगीर सोडूनच झाले की २४ टक्के! आणि हे सपाट रिंगणात नव्हे, चढावर.

माथेरानची तुलना न्यूमार्केटशी करणं तसं चूकच, इथला एकेक घोडा बंगल्याच्या किमतीचा. ब्लॅकपूलशी करावी. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांची पोरं गाढवांवर बसतात. त्या गाढवांना शुक्रवारी सुट्टी असते, दुपारी जेवणाची सुट्टी असते, आणि आठ स्टोन म्हणजे साधारण पन्नास किलोवरच्या माणसाला बसू देत नाहीत. गाढववाल्यांचा धंदा काही बुडाला नाही.

माथेरानमध्ये साडेचारशेच्या घरात परवान्याचे घोडे आहेत. पेव्हर ब्लॉकवर टापा घसरतात, ही घोडेवाल्यांची तक्रार चेष्टेवारी नेणाऱ्यांनी नाल ठोकलेला खूर हातात धरून बघावा. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. माणसाने माणसाला ओढणं थांबलंच पाहिजे, त्यावर वाद नको. घोड्याचं तसं नाही. त्याला काम जमतं, आवडतंही, पण पाठ शाबूत असली तर. चुलतबहिणीचं म्हणणं मला त्यामुळे पटत नाही. घोडे काढले की ते सुखाने कुठेतरी चरत बसतील असं ती धरून चालते. चंदीचा, म्हणजे दाण्याचा, खर्च परवडेनासा झालेला घोडा कुठे जातो, हे मावसभावाला विचारा.

घोडेवाल्याच्या हातात खरारा आहे, दुखरी जागा त्याला आपल्याआधी कळते. पण कळली तरी शनिवार-रविवारी घोडा तबेल्यात ठेवणं त्याला परवडत नाही. त्या दिवसाचे पैसे पर्यटकांच्या प्रवेशकरातून द्यावेत, महिन्यातून एकदा पशुवैद्याने पाठ आणि खोगीर दोन्ही तपासावं आणि गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर वजनकाटा ठेवावा. काट्यावर उभं राहायला लोक कुरकुरतील, सेल्फी हुकली म्हणून भांडतील. त्यांच्यासाठी ई-रिक्षा आहेच.