शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज आधी मोजा

वीजपुरवठा वाढवायचा आराखडा करताना टेबलावर पहिला कागद येतो तो मागच्या वर्षांच्या वापराचा. वापर वाढला तिथे नवा ट्रान्सफॉर्मर, नाही वाढला तिथे 'मागणी नाही'. माझ्या मते गरीब वस्तीवरचा अन्याय इथूनच सुरू होतो.

लांबलचक, बारीक तारेच्या लाइनच्या टोकाला संध्याकाळी २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळतात असं धरा. हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते, म्हणजे १००० वॉटचा हीटर ६८० वॉटवर येतो. पाण्याच्या मोटरचं उलटं. ती जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी वाइंडिंग जळतं. दोनदा रिवाइंडिंगचा खर्च झाला की माणूस संध्याकाळी मोटर लावणंच सोडतो. मीटरवर युनिट कमी पडतात, कागदावर मागणी कमी दिसते, आणि तार बदलायचं काम पुन्हा पुढच्या आराखड्यात जातं.

म्हणून टोकाच्या खांबावर आठवडाभर व्होल्टेज रेकॉर्डर लावा, दर १० मिनिटांची सरासरी नोंदवा. संध्याकाळच्या नोंदी वेगळ्या काढा, नाहीतर पहाटेचं चांगलं व्होल्टेज त्यांना झाकून टाकतं. शिवाय घरोघरी विचारा: कोणतं उपकरण आहे, पण चालवत नाही? हे दिवसभर घरात असणाऱ्यालाच विचारा. बिल ज्याच्या नावावर, त्याला पुष्कळदा पत्ताच नसतो.

'ग्राहकामागे वर्षाला १० तास वीज गेली' या आकड्यावरही भुलू नका. ९,००० ग्राहकांची २ तास आणि १,००० जणांची ८२ तास गेली तरी सरासरी १० तासच येते. फीडरवार, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक मुख्य लाइनचे वेगळे, आकडे मागा. ज्यांना जोडणीच नाही ते तर या हिशेबात कुठेच नसतात.

भारनियमनात कुठला फीडर आधी बंद करायचा, हे नुसत्या पैशातल्या नुकसानीवरून ठरवलं की गरिबांचा नंबर पहिला लागणार, कारण त्यांचं नुकसान रुपयांत छोटंच दिसतं. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या रुग्णाचं काय? मशीन साधारण ३५० वॉटचं. १२ व्होल्ट, १५० एएचची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १.८ युनिटची, पण ती निम्मीच वापरावी. इन्व्हर्टरमधली घट धरली तर अडीच तासही निघत नाहीत. अशी घरं फीडरवार आधीच नोंदवा, आणि त्या फीडरवर एका वेळी २ तासांपेक्षा जास्त वीज बंद ठेवू नका.