म्हणे वर्षावनाच्या पानांची पावडर, किडनीवाल्यांनी रोज दोन चमचे!

गिरगावातल्या आमच्या मावशीला भजनी मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला: ॲमेझॉनच्या वर्षावनातली माती जगात सर्वात सुपीक, म्हणून तिथल्या पानांच्या पावडरीत सगळी खनिजं ठासून भरलेली, सोनंसुद्धा, नैसर्गिक म्हणून अपाय शून्य, किडनीवाल्यांनी तर घ्यावीच. मावशीची किडनी निम्मी गेलेली, डॉक्टरांनी नारळपाणी बंद केलंय, आणि बाईंनी तीन पाकिटं मागवली पण!

आधी तो 'अपाय शून्य'. झाडाला तुमच्या तब्येतीशी काय देणंघेणं, मातीत असेल ते ते खेचतं. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटाच्या वर्षावनात एक झाड आहे, त्याचा चीक निळा-हिरवा येतो कारण त्यात निकेल हा धातू असतो, 1976 साली 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात जाफ्रे आणि सहकाऱ्यांनी छापलंय, वाळलेल्या चिकात सुमारे 25 टक्के, पानांतही टक्क्याच्या वर. हिशोब करा, पाच ग्रॅमच्या एका चमच्यात 50 मिलिग्रॅम निकेल, आणि युरोपातली मर्यादा 60 किलोच्या माणसाला दिवसाला एक मिलिग्रॅमच्याही आत. आता हेच झाड त्या पाकिटात आहे असं मी म्हणत नाही, पण कुठलं आहे ते पाकिटावरही नाही ना! 'वर्षावनातील वनस्पती' एवढंच.

ॲल्युमिनियमचं तर अजून वाईट. माथेरानला ढिगाने दिसते ती अंजनी, तिच्या कुळातली कित्येक झाडं पानांत ॲल्युमिनियम साठवतात. धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते, पण मावशीची? 1970च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियमने पेशंटांच्या मेंदूवर आणि हाडांवर परिणाम झाले होते, हे किडनीच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

सुपीक माती? उलटंच आहे. ॲमेझॉनची बरीचशी माती पावसाने धुऊन निकस झालीय, फॉस्फरस इतका कमी की झाडं पान गाळण्याआधी त्यातला बराचसा परत ओढून घेतात. बाहेरून भर पडते ती सहारा वाळवंटाची धूळ उडत येऊन, वर्षाला अंदाजे 22,000 टन फॉस्फरस.

पानांत सोनं सापडलं होतं, पण ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीच्या झाडांत, तेही अब्जांशात, म्हणजे अब्ज भागांत काही भाग, पुढे बोलायलाच नको.

बरं, पानांत कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, हे खरं, मान्य. पण त्यासाठी ॲमेझॉन कशाला, ज्याची किडनी ठीक आहे त्याने दादरला शेवग्याचा पाला घ्यावा. मावशीने तोही डॉक्टरांना विचारूनच. पाकिटं मी काढून घेतलीत, विकणारा म्हणतो फोडलेलं परत घेत नाही.